यादीतलं ‘इतर’ झाड

(समुदाय रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

दुपारची भांडी आवरून, रेडिओ उंबऱ्याशी ठेवून बसला असाल. आज बचतीचा हिशेब नाही, कर्जाचा हप्ता नाही. आज आम्ही एका झाडाची गोष्ट सांगणार आहोत. ते आमच्या गावात आमच्या आज्या-पणज्यांच्याही आधीपासून उभं आहे, आणि गेल्या साली त्याला नाव नव्हतं म्हणून ते जाणार होतं.

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, खाडीकाठी. गेल्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवहीचं काम निघालं. २००२ सालच्या कायद्याप्रमाणे गावाची एक समिती असते. आपल्या हद्दीत कोणती झाडं, पिकं, मासे, पाखरं आहेत आणि लोक त्यांचा काय उपयोग करतात, हे ती लिहून ठेवते. आमच्याकडे हे काम बचत गटांकडे आलं. साहजिकच आहे. रानात फाट्याला जातं कोण, पहिल्या पावसाची रानभाजी ओळखतं कोण, बाळंतिणीला कोणता पाला उकळून द्यायचा हे सांगतं कोण? आम्हीच. त्यामुळे वही भराभर भरत गेली. ऐन, किंजळ, बेहडा, कुडा, सावर, उंबर. एकीने नाव सांगायचं, दुसरीने उपयोग, आणि शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहायचं.

अडलो ते एकाच झाडापाशी. बंदराकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर, पडक्या भिंतीच्या कडेला ते उभं आहे. खोड एवढं जाड की झाड नाही, मातीची कणगीच वाटावी. वर फांद्या मात्र आखूड, वेड्यावाकड्या. कुणी त्याला भुताचं म्हणे, कुणी नुसतंच जाडं झाड. आमच्यातल्या एकीलाही त्याचं नाव सांगता येईना.

नेमकी तेव्हाच त्या वाटेच्या रुंदीकरणासाठी मोजणी झाली. पंचायतीच्या फळ्यावर तोडायच्या झाडांची यादी लागली. आंबा ४, शिरीष ६, भेंड २, आणि सर्वांत खाली, इतर १. शेरा होता, पोकळ व धोकादायक.

त्या ‘इतर’ शब्दाने आम्हाला टोचलं. सातबाऱ्यावर आपलं नाव नसलं की आपणही ‘इतर’च असतो, हे आमच्या गटातल्या किती जणींनी भोगलंय. जन्मभर शेत केलं, पण कागद म्हणतो की हिचा संबंध नाही. तेव्हा आम्ही ठरवलं, तोडायचं की ठेवायचं ते पुढचं पुढे, आधी हे झाड कोण आहे ते तरी कळू दे.

पण ओळखायचं कसं? दिवस होते फेब्रुवारीचे. झाडावर पान नाही, फूल नाही. आपण झाड ओळखतो ते पानाफुलांवरून. ती नसतील तर उरतं काय? उरते साल, आणि खाली पडलेलं फळ, त्यातलं बी. आम्ही त्या दोघांनाच विचारायला बसलो.

आधी साल. आम्ही कोयता लावला नाही, नुसता हात फिरवला. चिंचेची साल काळपट, खरबरीत, उभ्या-आडव्या भेगांची असते. तशी ही नव्हती. सावरीच्या खोडावर काटे असतात, इथे एकही काटा नाही. कांडोळाची साल पांढुरकी, आणि तिचे कागदासारखे पापुद्रे सुटतात. इथे पापुद्रे नाहीत. उंबर-वडाला जरा खरचटलं तरी चीक येतो, इथे जुन्या जखमेशीही चीक वाळलेला दिसला नाही. ही साल राखाडी, किंचित चमकदार, आणि जागोजागी वळ्या पडलेली होती. हत्तीच्या गुडघ्यावरची कातडी पाहिली असेल तर तशी. एका जागी गुरं बांधून दोरखंडाने साल सोलली गेली होती. तिथे नवी साल धरून जखम भरलेली होती. खाली पडलेला सालीचा एक तुकडा आमच्यातल्या काकीने नखाने उकलला, तर आतून लांबच लांब धागे निघाले. ती म्हणाली, “अगं, हे तर अंबाडीच्या वाखासारखं!” हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग घेर मोजला. टेप आखूड पडली. तेव्हा एका आजींनी घरून जुनं नऊवारी लुगडं आणलं. ते खोडाभोवती वेढलं तर दोन्ही टोकं जेमतेम भेटली. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. झाडाला लुगडं नेसवलेलं पाहून पोरं हसली, पण वहीत माप लिहिलं गेलं.

आता फळ. झाडाखाली गवतात दोन-तीन सापडली. नारळापेक्षा लहान, लांबोळकी, लांब देठाची, आणि अंगावर मखमलीसारखी पिवळट तपकिरी लव. कवच कडक. दगडावर आपटून फोडलं तर आत ना रस, ना गर. पांढरट, खडूसारखे कोरडे गोळे आणि त्यांतून गेलेले तांबूस धागे. एकेका गोळ्यात एकेक बी. बी गर्द तपकिरी, वालाच्या दाण्याएवढं, मूत्रपिंडाच्या आकाराचं, दातांखाली न फुटणारं. एका फळात शंभराच्या वर बिया निघाल्या. चिंचेचा चिंचोका चपटा, गुळगुळीत आणि शेंगेत ओळीने बसलेला असतो. इथे शेंगही नाही आणि ओळही नाही. पण एका धीट पोरीने तो पांढरा खडू जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून म्हणाली, “आंबट! चिंचेसारखं आंबट!” (अनोळखी फळ असं तोंडात घालू नका बरं. आम्ही तिला चांगलंच रागावलो.)

फळाचं रिकामं कवच पाहून कोळीवाड्यातल्या आजी पुढे झाल्या. म्हणाल्या, “हे मला ठावं हाय. माझा बापूस ही सुकी फळं जाळ्याला बांधायचा, बोया म्हणून. पाण्यावर बरी तरंगतात. आमच्या घरात याला बोयाचं झाडच म्हणीत.” एवढ्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

साल, धागा, फळ, बी, चव आणि आजींचं बोलणं असं सगळं लिहून आम्ही माध्यमिक शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडे गेलो. त्यांनी बी हातात घेतलं, कवचाच्या लवेवर बोट फिरवलं आणि कपाटातून वनस्पतींचं पुस्तक काढलं. चित्र जुळलं. ही गोरखचिंच. इंग्रजीत बाओबाब. मूळ घर आफ्रिका.

मैत्रिणींनो, इथून पुढे ही गोष्ट झाडाची राहत नाही, माणसांची होते.

आधी नावाचं पाहू. गोरखनाथांनी या झाडाखाली बसून शिष्यांना उपदेश केला अशी कथा सांगतात, म्हणून गोरखचिंच. मध्य प्रदेशात मांडूच्या किल्ल्यावर ही झाडं पुष्कळ आहेत. तिथे तिला मांडूची इमली म्हणतात, खुरासानी इमलीही म्हणतात. गुजरातेत रुखडो, तसंच गोरख आमली. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या सावनूरला अशी तीन प्रचंड झाडं आहेत. त्यांना दोड्ड हुणसे म्हणतात, म्हणजे मोठी चिंच. पाहा, प्रत्येक मुलखात लोकांनी तिला चिंचच म्हटलं, कारण जिभेला जे कळलं त्यावरून नाव पडलं. पण ती चिंच नाही. तिचा खुरासानशी, म्हणजे इराणकडच्या मुलखाशीही संबंध नाही. चिंच शेंगांच्या कुळातली. हे झाड जास्वंद, भेंडी, कापूस, सावर यांच्या कुळातलं. अंबाडीही त्याच कुळातली! काकीने सालीचा धागा ओढून जे म्हटलं तेच शास्त्राने म्हटलेलं होतं. नावाने चकवलं, पण सालीने खरं सांगितलं.

नुसत्या फळावरून ओळख पटवू पाहणाऱ्या आम्हीच पहिल्या नाही. प्रॉस्पेरो अल्पिनी नावाचा एक इटालियन वैद्य १५८० नंतर काही वर्षं इजिप्तमध्ये राहिला. कैरोच्या बाजारात त्याला हे फळ विकायला आलेलं दिसलं. झाड त्याने पाहिलं नव्हतं. १५९२ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने त्या फळाचं वर्णन केलं आणि बाजारातलं नाव लिहून घेतलं. बाओबाब हे नाव युरोपात पोचलं ते तिथून. अरबी शब्दांत त्याचा अर्थ पुष्कळ बियांचं फळ असा लावतात. म्हणजे बीच त्याच्या नावात बसलंय.

पुढे १७४९ साली मिशेल अदान्सां हा तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पश्चिम आफ्रिकेत सेनेगलला गेला. त्याने झाड डोळ्यांनी पाहून त्याची सविस्तर माहिती लिहिली. त्याच्याच नावावरून लिनियसने झाडाला आडान्सोनिया डिजिटाटा हे शास्त्रीय नाव दिलं. डिजिटाटा म्हणजे बोटांसारखं, कारण पान हाताच्या पाच बोटांसारखं फुटलेलं असतं. अदान्सांला झाडांच्या खोडावर जुन्या युरोपीय खलाशांनी कोरलेली नावं सापडली. सालीत ती किती खोल गेली आणि मधल्या काळात झाड किती वाढलं, याचा हिशेब करून त्याने वय काढलं ते पाच हजार वर्षांच्या वर! तो हिशेब चुकला होता. हे झाड दरवर्षी सारखं वाढत नाही, दुष्काळात आक्रसतंसुद्धा. त्याचं खोड आतून पोकळ होत जातं, त्यामुळे वर्तुळं मोजूनही वय नीट निघत नाही. आता लाकडाचा कण प्रयोगशाळेत तपासून वय काढतात. आफ्रिकेतली काही झाडं हजार-दोन हजार वर्षांची निघाली आहेत. आमच्या झाडाला गावात कुणी पाचशे वर्षं म्हणे, कुणी हजार. आम्ही नोंदवहीत फक्त घेर लिहिला. वय लिहिलं नाही.

आणि पोकळ असणं हा या झाडाचा रोग नाही, स्वभाव आहे. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३५२ साली मालीच्या वाटेवर होता. एका झाडाच्या पोकळ खोडात एक विणकर माग मांडून कापड विणत बसलेला त्याने पाहिला. अभ्यासक ते झाड बाओबाबच मानतात. यादीतला ‘पोकळ व धोकादायक’ हा शेरा वाचताना आम्हाला तो विणकर आठवला.

आता मुख्य प्रश्न. आफ्रिकेतलं झाड आमच्या खाडीवर आलं कसं? वाऱ्याने हे बी उडत नाही. पाखरू ते गिळून समुद्र ओलांडत नाही. बी इतकं कडक, की उकळत्या पाण्यात भिजवल्याशिवाय किंवा जरा खरवडल्याशिवाय लवकर रुजतही नाही. पण फळ कवचातच कोरडं होतं आणि महिनोन्‌महिने टिकतं. लांबच्या गलबतावर आंबट तोंडी लावायला याहून सोयीचं काय? बी आलं ते माणसाच्या हातून, समुद्रावरून.

आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि आपला पश्चिम किनारा यांच्यात मोसमी वाऱ्यांवर हजारो वर्षं ये-जा होती. चौल, दाभोळ ही आपली बंदरं त्या व्यापारात होती. हस्तिदंत यायचं, सोनं यायचं, आणि माणसंही आणली जायची, विकायला. इथिओपियाच्या बाजूच्या मुलखाला अरब ‘हबश’ म्हणत, त्यावरून हबशी. त्यांनाच पुढे सिद्दी म्हणू लागले. त्यांतले काही शिपाई झाले, काही सरदार. मलिक अंबर हे नाव तुम्ही शाळेत वाचलंय. इथिओपियात १५४८च्या सुमारास जन्मलेलं हे पोर अनेकदा विकलं गेलं आणि शेवटी दख्खनला आलं. तोच मुलगा निजामशाहीचा कर्ता माणूस झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याने लावलेली जमीनमोजणीची पद्धत प्रसिद्ध आहे. तो १६२६ साली वारला. आमच्या शेजारच्या जंजिऱ्यावर सिद्दींचं राज्य होतं, ते १९४८ साली भारतात विलीन झालं.

पोर्तुगीजांचाही यात वाटा आहे. मोझांबिक त्यांच्या ताब्यात, आणि इकडे गोवा, दमण, दीव, वसईही त्यांच्याच ताब्यात. तिकडून ते गुलाम आणत. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत, त्यांच्याकडे होती. आजही वसईच्या बाजूला गोरखचिंचा उभ्या आहेत.

गुलाम म्हणून आणलेल्यांत बायाही होत्या. मांडूचा सुलतान गियासुद्दीन १४६९ ला गादीवर आला. त्याच्या पहाऱ्यावर पाचशे तुर्क आणि पाचशे हबशी बायका हत्यारबंद उभ्या असत, असं फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. पाचशे बायका! त्यांतल्या एकीचंही नाव त्याने लिहिलेलं नाही. त्याच मांडूत आज ही झाडं सर्वांत जास्त दिसतात.

२०१५ साली एक शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतातल्या गोरखचिंचांचे जनुक आफ्रिकेतल्या झाडांशी ताडून पाहिले. निष्कर्ष असा, की हे झाड भारतात एकदाच आलेलं नाही. ते वेगवेगळ्या वेळी, आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून आलं. केनिया-टांझानियाच्या किनाऱ्याशी आणि पश्चिम आफ्रिकेशीही त्याचं नातं निघालं. म्हणजे व्यापारी, खलाशी, शिपाई, गुलाम अशी अनेक माणसं येत राहिली आणि बी रुजत राहिलं.

जरा कल्पना करा. ज्याला घर सोडून ओढत आणलं, ज्याची भाषा इथे कुणाला कळत नाही, त्याने घराच्या आठवणीचं एक झाड लावलं. तिकडे हे घरचंच झाड आहे. त्याच्या सालीचा दोर वळतात, केनियातल्या बाया त्याच्या टोपल्या विणतात. पश्चिम आफ्रिकेत बाया कोवळा पाला वाळवून पूड करतात आणि कालवणात घालतात. फळाचा खडू पाण्यात घोळून आंबट सरबत करतात. आमचं झाड कुणी लावलं ते कुठल्याही बखरीत, कागदात नाही. पण ज्यांनी कागद मागे ठेवला नाही, त्यांचं हे झाडच कागद आहे. साल हे त्याचं पान आणि बी ही त्याची सही. वाचायला आपल्याला येत नव्हतं, एवढंच.

आमच्या बैठकीत लगेच एक सूचना आली की याची पावडर करून विकू. सूचना वेडी नव्हती. २००८ साली युरोपने या फळाच्या गराला खाद्य म्हणून परवानगी दिली आहे, आणि त्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं. पण आमच्याकडे झाड एक. एका झाडावर उद्योग उभा राहत नाही, उलट झाडच ओरबाडलं जाईल. सूचना इतिवृत्तात लिहिली आणि बाजूला ठेवली. त्याऐवजी बिया भिजवल्या. गरम पाण्यातून काढलेल्या वीस बियांपैकी सात उगवल्या. ती रोपं शाळेच्या कुंपणात आहेत.

मग ग्रामसभा आली. आम्ही फळ, बी, सालीचा तुकडा आणि नऊवारीचं माप घेऊन गेलो. कोळीवाड्यातल्या आजींनी पहिल्यांदाच ग्रामसभेत तोंड उघडलं. त्या बोयांबद्दल बोलल्या. कुणी हसलं, कुणी म्हणालं की परदेशी झाडाचं एवढं काय? तेव्हा आमच्यातली एक उठून म्हणाली, “मिरचीपण परदेशीच आहे, दादा. बटाटापण. आणि नांदायला आलेली प्रत्येक बाई या गावात बाहेरूनच आलीय.” त्यावर सभा गप्प झाली.

ठराव झाला. नोंदवहीत झाड नावानिशी लिहिलं गेलं. नाव, शास्त्रीय नाव, घेर, सालीचं आणि बियांचं वर्णन, आणि उपयोगाच्या रकान्यात आजींचं नाव घालून जाळ्याचा बोया. रस्त्याची आखणी फिरून मोजण्यासाठी अर्ज गेला आहे. निकाल अजून लागलेला नाही. झाड वाचलं असं आम्ही आज सांगू शकत नाही. पण यादी बदलली आहे. फळ्यावर आता ‘इतर १’ नाही, तिथे ‘गोरखचिंच १’ आहे. आणि नाव असलेलं झाड तोडायला हात जरा जड होतो.

तुमच्याही गावात असं एखादं झाड असेल, ज्याला कुणी नाव घेऊन हाक मारत नाही. पानं गळाली असली तरी चालेल. सालीवरून हात फिरवा. काटे आहेत का, चीक आहे का, पापुद्रा सुटतो का, धागा निघतो का ते बघा. खाली पडलेलं फळ उचला, बी मोजा, त्याचा आकार लिहा. फांदी तोडू नका, साल सोलू नका, चव घेऊ नका. आणि गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारायला विसरू नका. तिला विचारल्याशिवाय ‘इतर’ असं लिहू नका.